हातातले काम आणि खिशातली घंटा



आपल्या भूम तालुक्याचे नाव खव्यामुळे लांबवर गेले आहे. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. खवा कसा होतो हे ईटच्या माणसाला आम्ही सांगायला नको. चार-पाच लिटर दूध आटवावे तेव्हा किलोभर खवा हाती लागतो, आणि दूध दाटू लागले की ढवळणारा हात थांबवता येत नाही. शेवटच्या काही मिनिटांत नजर कढईवरून ढळली की तळाला लागलेच. मग करपट वास सगळ्या कढईला.

भट्टीवर काम करणाऱ्याला ‘मोबाईल बाजूला ठेव’ असे कुणी शिकवावे लागत नाही. कढईच शिकवते. अडचण बाकीच्या कामांची आहे. वर्गात शिकवताना, दवाखान्यात केसपेपर लिहिताना, बँकेच्या खिडकीमागे, तलाठ्याच्या टेबलाशी, किराणा दुकानात हिशेब करताना लक्ष दहा वेळा फोनकडे गेले तरी लगेच काही करपत नाही. वास येत नाही. पोर भागाकारात कच्चे राहते, म्हातारीला पुन्हा उद्या यावे लागते, वहीत आकडा चुकतो. पण हे कशामुळे झाले ते कुणाच्या ध्यानात येत नाही. ज्याचे लक्ष गेले त्याच्या तर नाहीच.

घरभेटींना गेलो की हल्ली हा विषय हमखास निघतो. बहुतेक वेळा तो दुसऱ्याविषयी निघतो, हे आधीच सांगून ठेवतो. सासू सुनेविषयी बोलते, मालक नोकराविषयी, पालक गुरुजींविषयी. स्वतःविषयी बोलणारे थोडे, आणि जे बोलतात ते बहुधा एकाच वाक्यावर थांबतात, ‘फादर, काय करणार, माझा स्वभावच तसा आहे.’ आज या वाक्याजवळ आपण थोडे बसू या.

आधी हे पाहू, की ही तक्रार केवळ आपल्या गावची नाही. जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने कार्यालयातील भ्रमणध्वनीच्या वापराबद्दल सर्व कर्मचाऱ्यांसाठी सूचना काढल्या. कार्यालयीन कामासाठी शक्यतो टेबलावरचा फोन वापरावा, मोबाईलवर बोलायचेच असेल तर आवाज हळू आणि भाषा सौम्य ठेवावी, आजूबाजूला माणसे आहेत याचे भान राखावे, खासगी फोन आला तर बाहेर जाऊन बोलावे, बैठकीत फोनचा आवाज बंद ठेवावा, समाजमाध्यमांवर वेळ आणि भाषा यांचे तारतम्य पाळावे, असा त्यांचा आशय होता. वाचून काहींना हसू आले असेल. हे घरी आईने शिकवायचे, ते मंत्रालयाने कागदावर लिहावे लागले! पण ज्याने एका सहीसाठी ईटहून भूमला हेलपाटे घातले आणि टेबलापलीकडच्या साहेबांचा फोन संपण्याची वाट पाहिली, त्याला त्यात हसण्यासारखे काही वाटणार नाही. हेलपाट्यात त्याची एक दिवसाची मजुरी जाते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये एसटी महामंडळाने चालकांसाठी असाच आदेश काढला. गाडी चालवताना मोबाईलवर बोलणे नाही, कानाला हेडफोन नाही, चित्रफिती पाहणे नाही. प्रवाशांच्या तक्रारी आल्या म्हणून तो काढावा लागला. तिकडे दूर अमेरिकेत कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थ येथे १२ सप्टेंबर २००८ रोजी एक प्रवासी रेल्वे लाल सिग्नल ओलांडून पुढे गेली आणि समोरच्या मालगाडीवर आदळली. २५ माणसे गेली, त्यांत चालकही होता. चौकशीत आढळले, की तो कामावर असताना संदेश पाठवत होता. शेवटचा संदेश धडकेच्या जेमतेम २२ सेकंद आधीचा होता. हा माणूस वाईट होता असे आम्हाला म्हणायचे नाही. सवयीने हात गेला असेल, आधीही शंभरदा गेला असेल आणि काही झाले नसेल. शंभरदा काही न होणे हेच तर सवयीचे खत असते.

आता दुसरी बाजू, आणि ती आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. कामाच्या वेळी हातात फोन दिसला म्हणजे माणूस कामचुकार, असे समजण्याची घाई आपण करू नये. कारण आज कितीतरी लोकांचे कामच फोनमध्ये नेऊन ठेवले आहे. अंगणवाडीताईला २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर नोंदी भराव्या लागत आहेत. लेकरांचे वजन करायचे, खाऊ द्यायचा, शिकवायचे आणि पुन्हा ते सारे फोनमध्ये टाकायचे. दिलेले फोन निकृष्ट आहेत, ॲप इंग्रजीत आहे, म्हणून २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी ते फोन शासनाला परत करण्याचे आंदोलन केले होते, हे काहींना आठवत असेल. दारातून जाताना ताई फोनमध्ये दिसली आणि ‘पाहा, पोरे वाऱ्यावर सोडून बसली आहे’ असे आपण बोललो, तर तो खोट्या साक्षीचाच प्रकार झाला. रोजगार हमीच्या कामावर २०२३ पासून दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी पाठवणे सक्तीचे झाले. रेंज नसेल तर मुकादम फोन उंच धरून बांधावर फिरताना आपण पाहिला आहे. शेतकऱ्यानेही २०२१ पासून पीकपाहणी फोनवर भरायची आहे.

आणखी एक उदाहरण आम्हाला फार जवळचे आहे. दिवाळीच्या आगेमागे आपल्या भागातून कोयते ऊसतोडीला जातात. लेकरे आजीजवळ राहतात. फडात मोळ्या बांधताना एखादी आई दुपारी फोन लावते, ‘जेवलास का? शाळेत गेला होतास का?’ एवढेच विचारते. मुकादमाला हा वेळेचा अपव्यय वाटतो. आम्हाला तो कामाच्या मध्येच केलेल्या प्रार्थनेइतका स्वच्छ वाटतो. तेव्हा फोन किती वेळ हातात होता हा प्रश्न पुरेसा नाही. फोन कुणासाठी उचलला आणि त्यापायी कुणाला सोडले, हा प्रश्न आहे.

आता स्वभावाकडे येऊ.

मानसशास्त्राचे अभ्यासक या प्रश्नामागे बरीच वर्षे आहेत. ऑस्ट्रेलियातील बियांकी आणि फिलिप्स या दोघांनी २००५ साली मोबाईलच्या त्रासदायक वापराची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तेव्हा स्मार्टफोन घरोघरी नव्हते, फोन बोलण्यापुरते आणि संदेशांपुरते होते. त्यांना काय दिसले? तरुण वय, माणसांत रमणारा बोलका स्वभाव आणि स्वतःविषयीचा कमी आदर, या तिन्हींचा अशा वापराशी संबंध दिसला. बोलका माणूस आणि स्वतःला कमी लेखणारा माणूस, ही दोन टोके एकाच फोनवर येऊन भेटली! पुढच्या अनेक अभ्यासांत चटकन चिंता करणारा स्वभाव आणि मनात आले की लगेच करून मोकळा होणारा उतावीळ स्वभाव यांचाही संबंध पुन्हा पुन्हा आढळला. नेटाने, नियमाने काम करणाऱ्यांमध्ये तो कमी आढळला.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगायला हव्यात. एक, हे सारे संबंध शेकडो माणसांच्या सरासरीतले आहेत. त्यावरून आपल्या घरातल्या मुलाच्या कपाळावर शिक्का मारता येत नाही. चिंतेमुळे फोन वाढतो की फोनमुळे चिंता वाढते, हेही अशा अभ्यासातून सहसा उलगडत नाही. दुसरी गोष्ट, ‘मोबाईलचे व्यसन’ हा शब्द आपण सहज वापरतो, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तसा आजार नाही. २०२२ पासून लागू झालेल्या यादीत खेळांच्या विकाराला स्थान मिळाले, फोन वापरण्याला नाही. म्हणून काही त्रास खोटा ठरत नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत अशा तक्रारींसाठी २०१४ पासून खास दवाखाना चालतो, आणि ज्याची झोप, नोकरी, संसार खरोखर मोडू लागला आहे त्याने डॉक्टरकडे जाण्यात लाज मानू नये. पण आपल्यापैकी बहुतेकांची गोष्ट आजारपणाची नाही. ती सवयीची आहे.

‘स्वभावाला औषध नाही’ अशी आपल्याकडे म्हण आहे. आमचे प्रामाणिक मत असे, की ही म्हण अर्धीच खरी आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटल आणि संत थॉमस अक्वायनस यांची बरीच पाने आम्हाला घोकावी लागली. त्यांतले पुष्कळसे विसरले, पण एक गोष्ट उरली. हे दोघे सांगतात, की माणूस काही कल घेऊन जन्मतो, परंतु सद्गुण किंवा दुर्गुण घेऊन जन्मत नाही. ते कृतीने बसतात. वारंवार केलेल्या कृतीने मनाला एक वळण पडते, आणि मग ते वळणच दुसरा स्वभाव होऊन बसते. म्हणजे बैलगाडीचे चाक ज्या चाकोरीत चालते ती चाकोरी चाकानेच पाडलेली असते. बोलका असणे हा कल आहे. गिऱ्हाईक समोर उभे असताना ग्रुपवर उत्तर देत बसणे हे पाडलेले वळण आहे. पहिल्यासाठी औषध नकोच आहे. बोलक्या माणसांवाचून गाव कसले? दुसऱ्याला मात्र औषध आहे.

ते सर्वांना एकच नाही, हेही लक्षात घ्यावे. उतावीळ माणसाला उपदेश करून भागत नाही, त्याच्या हातापासून वस्तूच लांब ठेवावी लागते. चिंता करणाऱ्याकडून फोन हिसकावला तर तो आणखी घाबरेल. त्याला ठरावीक वेळी फोन पाहण्याची मुभा हवी, म्हणजे मधल्या वेळात मन निवांत राहते. आणि ज्याला आपण कुणीच नाही असे वाटते, जो दर पाच मिनिटांनी आपल्या फोटोला कुणी अंगठा दाखवला का ते पाहतो, त्याला नियमाची गरज कमी आणि माणसांची जास्त. त्याच्या कामाचे कुणी तोंडावर कौतुक केले आहे का? ‘आज दुकान नीट लावलेस’ एवढे मालकाच्या तोंडून निघाले आहे का? आपण तरुणांच्या फोनवर बोलतो तेव्हा आपल्या कंजूष जिभेवरही बोलले पाहिजे.

ही ओढ नवी आहे असे मात्र समजू नका. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा एक संन्यासी होता. त्याने मनात येणाऱ्या दुष्ट विचारांची यादी केली आणि त्यांतला सर्वांत जड विचार कोणता ते सांगितले. त्याला ग्रीक भाषेत ‘अकेडिया’ म्हणतात. शब्दाचा अर्थ आस्था नसणे, काळजी न उरणे. पुढे सात प्रमुख पापांच्या यादीत तो आळस म्हणून आला, पण इव्हाग्रियसचे वर्णन आळसाहून वेगळे आहे. हा विचार ऐन दुपारी येतो, असे तो म्हणतो. संन्याशाला सूर्य हलतच नाही असे वाटू लागते, दिवस पन्नास तासांचा वाटतो. तो पुन्हा पुन्हा खिडकीकडे पाहतो, झोपडीबाहेर येऊन ऊन कुठवर आले ते बघतो, कुणी बंधू भेटायला येतो का म्हणून इकडे-तिकडे डोकावतो. हातातल्या कामाचा त्याला वीट येतो. मग मनात येते, की दुसऱ्या ठिकाणी गेलो असतो तर बरे झाले असते.

सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या खिडकीच्या जागी आज आपल्या खिशात काचेची पट्टी आहे, एवढाच फरक. दुपारी दोन वाजता, जेवण झाल्यावर, कामाचा कंटाळा दाटून येतो तेव्हा हात खिशाकडे का जातो ते त्या वाळवंटातल्या माणसाने नेमके ओळखले होते. फोन आपल्याला बोलावतो हे खरे, पण कितीतरी वेळा कुणी बोलावलेले नसतानाही आपणच जातो. हातातले काम नकोसे झालेले असते.

संत थॉमस यांनी यालाच जोडून एक भेद केला आहे. जाणून घेण्याची इच्छा चांगली, पण जे शिकणे वा करणे आपल्यावर बंधनकारक आहे ते सोडून कमी मोलाच्या गोष्टींमागे लागले की त्या इच्छेचे कुतूहलात, म्हणजे दोषात, रूपांतर होते. आणि उदाहरण कुणाचे द्यावे? संत जेरोम यांचा दाखला देऊन ते धर्मगुरूंचेच देतात; शुभवर्तमान बाजूला ठेवून नाटके आणि प्रेमगीते वाचत बसणाऱ्यांचे! तेव्हा वेदीपाशी उभ्या असणाऱ्यांनाही यातून सुटका नाही. ८ नोव्हेंबर २०१७ च्या आपल्या धर्मशिक्षणात पोप फ्रान्सिस यांनी मिस्साच्या वेळी उंचावलेल्या मोबाईलविषयी दुःख व्यक्त केले, तेव्हा त्यांनी केवळ भाविकांचे नाही, धर्मगुरू आणि बिशपांचेही नाव घेतले होते.

शुभवर्तमानात मार्थेची गोष्ट आपण अनेकदा ऐकतो. तिने काम केले म्हणून प्रभू तिला बोलला असे काहींना वाटते. तसे नाही. संत लूक मूळ ग्रीकमध्ये तिच्यासाठी जो शब्द वापरतो त्याचा अर्थ चहूकडे ओढली जाणे असा आहे. चुलीशी उभी आहे, मन बहिणीपाशी, राग प्रभूवर, डोळा दारावर. घरी आलेला पाहुणा कोण आहे हे तेवढ्या वेळापुरते तिला दिसेनासे झाले. आपल्या टेबलापलीकडे, काउंटरपलीकडे, बाकावर जो बसला आहे तोही पाहुणाच आहे. नाझरेथमध्ये तीस वर्षांचा बराच काळ प्रभूने सुताराच्या घरात काढला. त्याने रंधा कसा धरला हे शुभवर्तमान सांगत नाही, पण लाकडाकडे न पाहता रंधा चालवता येत नाही हे कोणताही सुतार सांगेल.

फोन आवाज न करता नुसता टेबलावर पडला असला तरी लक्ष खातो का? २०१७ साली टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी फोन टेबलावर, बॅगेत आणि दुसऱ्या खोलीत ठेवून लोकांची परीक्षा घेतली. दुसऱ्या खोलीत फोन ठेवणाऱ्यांची कामगिरी टेबलावर ठेवणाऱ्यांपेक्षा सरस निघाली. पुढे काहींनी तोच प्रयोग केला तेव्हा तसा फरक दिसला नाही, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. मात्र आलेल्या संदेशाचा नुसता थरथराट झाला, तो उघडून पाहिलाही नाही, तरी हातातल्या कामात चुका वाढतात, असे २०१५ मधील फ्लोरिडाच्या एका अभ्यासात आढळले होते. करून पाहायला पैसे पडत नाहीत. आठवडाभर कामाच्या पहिल्या दोन तासांत फोन पिशवीत, पिशवी खुंटीला, आणि ग्रुपचे आवाज बंद. घरच्यांना सांगून ठेवा, की अडचण आलीच तर लागोपाठ दोनदा लावा. आपल्याच जिल्ह्यात उमरगा तालुक्यातील जकेकूरवाडीने आणि सांगलीकडच्या मोहित्यांच्या वडगावने २०२२ साली संध्याकाळी भोंगा वाजवून काही वेळ टीव्ही-मोबाईल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. भोंगा म्हणजे घंटाच. चर्चची घंटा सगळ्या गावाला एकाच गोष्टीकडे बोलावते. खिशातली घंटा एका घरातल्या पाच जणांना पाच दिशांना नेते.

मालकांशी आणि साहेबांशीही आम्हाला दोन शब्द बोलायचे आहेत. दिवसा नोकराच्या हातातल्या फोनवर आपला आक्षेप असतो, आणि रात्री साडेदहाला त्याच फोनवर ‘उद्याचा माल लावलास का’ म्हणून आपणच विचारतो. मजुराने कामाचे आठ तास पूर्ण द्यावेत हा न्याय आहे. उरलेले तास त्याच्या लेकरांचे, हाही न्यायच आहे. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हा पोप दुसरे जॉन पॉल यांच्या १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकाचा गाभा आहे. फ्रान्समध्ये कामाची वेळ संपल्यावर फोन न घेण्याच्या हक्काचा कायदा २०१७ पासून आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली तसे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते, त्याचा कायदा झाला नाही. पण रात्री फोन न करायला कुठे कायदा लागतो?

पुढच्या रविवारी मिस्सानंतर आपल्यापैकी जे दुकान, भट्टी, वाहन किंवा शेतमजूर सांभाळतात त्यांनी अर्धा तास थांबावे अशी विनंती आहे. रात्री किती वाजेनंतर कामाचा फोन करायचा नाही, एवढी एकच वेळ सर्वांनी मिळून ठरवायची आहे. नोकरी करणाऱ्यांनीही यावे, आपली अडचण मोकळेपणाने बोलावी. मिस्साच्या वेळी सर्वांनी फोन बंद ठेवावेत. मात्र ज्यांची ड्यूटी दवाखान्यात किंवा रुग्णवाहिकेवर आहे, ज्यांच्या घरी कुणी अत्यवस्थ आहे, ज्यांची मुले किंवा आईवडील तोडीवर गेले आहेत, त्यांनी फोन आवाज न करता चालू ठेवावा आणि दाराजवळच्या बाकावर बसावे. फोन आला तर निःसंकोच उठून बाहेर जावे. त्यांच्याकडे कुणी वळून पाहू नये.